बाईंचा दरफाल्नीचा सण

समितीचा मेसेज आला, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहा, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसल्यावर आठवल्या त्या फक्त मराठीच्या बाई. कोणत्या बाई ते आपल्या बॅचेसना सांगायला नको.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, रागावल्या की कोकण बाहेर यायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, घरात त्याला दरफाल्नीचा सण म्हणत. सातवीत कोणीतरी विचारलं, बाई उपासाला साबुदाणा चालतो का, तर इतक्या हसल्या! म्हणाल्या, अरे पाणीसुद्धा नाही, आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आधीपासून ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, २५ तास. पांढरे कपडे, पायात चामडं नाही, दिवसभर आग्रीपाड्याच्या मागेन हसिदीम या सिनेगॉगमध्ये प्रार्थना, आणि शेवटी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकलं की उपास सुटला. त्यांच्या आजीच्या काळी गावाकडे तर लोक दारं लावून घरातच बसायचे, म्हणून ते दरफाल्नीचं नाव, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गोरगरिबांना दानधर्म, एकमेकांकडे जाणं-येणं. आम्हाला मतलब शिळ्या सणाशी, कारण बाई डबा भरून पुऱ्या आणायच्या, करंजीसारख्या, आत गोड रवा.

पण मला सांगायचंय ते उपासाच्या आदल्या दिवसाचं. माझ्या बाकावरच्या मित्राचा निबंध बाईंनी गाइडमधून उतरवला म्हणून सगळ्यांसमोर फाडला होता. नंतर त्याचे वडील गिरणीची पाळी संपवून शाळेत येऊन गेले तेव्हा कळलं, पोरानं स्वतःच लिहिलेला. तो बिचारा विसरूनही गेला होता. बाई तास सुरू व्हायच्या आधी थेट त्याच्या बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, "देवाचं जे देणं आहे ते मी उपास करून देवाशी बघीन, पण तुझं देणं देवाला माफ करता येत नाही रे, ते तूच करायचं." हा कानापर्यंत लाल. "असू दे बाई." "असू दे नको. केलंस की नाही ते सांग." "केलं." झालं, खडू उचलला आणि धडा सुरू.

मी आता दिवाणी कोर्टात वकिली करतो, बरी चाललीय, यंदा बार असोसिएशनवर निवडूनही आलोय. वाटणीच्या खटल्यात दोन भाऊ समोर बसले की बाईंचाच नियम सांगतो, की अभिषेक नंतर घाल, आधी त्याच्या घरी जाऊन ये. बहुतेक जण मान डोलावतात आणि पुढची तारीख मागतात, एखादाच जातो.

भायखळ्यातली त्यांची घरं एकेक करून इस्राएलला गेली, रिटायर झाल्यावर बाईही मुलाकडे अश्दोदला गेल्या. एकदा पत्र आलं होतं, इथे त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो, गाड्या नाहीत, पोरं हायवेवर सायकली फिरवतात, आणि मी खिडकीतून ओरडते, हळू रे! ते शेवटचं पत्र.

समितीला एकच विनंती, आमच्या बॅचच्या ग्रुप फोटोत उजवीकडून दुसऱ्या, जाड काचांचा चष्मा, त्या बाई, तेवढा फोटो जरा मोठा छापा.