तुम्ही विचारलंत म्हणून: खिडक्यांशिवायचा पडदा

"मॅडम, ह्याच्यात विंडोज नाही, लिनक्सचा डेस्कटॉपही दिसत नाही, मग हे आकडे पडद्यावर येतात कुठून?"

लातूरच्या डाळमिलमध्ये काटा बसवायला गेले की हे कुणीतरी विचारतंच. कधी मिलचा सुपरवायझर, कधी सुट्टीला घरी आलेला इंजिनिअरिंगचा पोरगा. मिलच्या धडधडीत उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश सांगते.

माझ्या काट्याचं काम एवढंच: कट्टा ठेवला की वजन दाखवायचं, शेजारी मालातला ओलावा दाखवायचा, खाली तीन बटणं. आठशे बाय चारशे ऐंशी ठिपक्यांचा छोटा पडदा आणि मागे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा संगणक-बोर्ड. एकाच पडद्यावर दहा प्रोग्राम हक्क सांगत असतील तर कोण वर, कोण खाली, क्लिक कुणाची, हा निवाडा करायला विंडो सिस्टीम लागते. इथे प्रोग्रामच एक आहे, निवाडा कुणाचा करायचा? शिवाय आपल्याकडे लाइट जाते-येते. डेस्कटॉप उभा राहीपर्यंत हमाल पाठीवर कट्टा घेऊन थांबत नाही.

आता मूळ उत्तर. पडदा म्हणजे शेवटी मेमरीचा एक तुकडा. लिनक्समध्ये त्या तुकड्यासाठी डेव्ह-एफबी-शून्य (/dev/fb0) नावाची फाइल असते, तिला फ्रेमबफर म्हणतात. ती उघडायची, एमएमॅप करून, म्हणजे स्वतःच्या मेमरीसारखी थेट वापरता येईल अशी, आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायची आणि आकडे लिहायचे. माझ्या पडद्यावर एका पिक्सेलला, म्हणजे एका ठिपक्याला, १६ बिट आहेत: लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. हिरव्यातला फरक डोळ्याला जास्त कळतो म्हणून उरलेला एक बिट त्याला. त्या जागेवर ६३४८८ लिहिलं की ठिपका लाल, २०१६ लिहिलं की हिरवा, ६५५३५ लिहिलं की पांढरा. मध्ये कुणीही नाही. पहिल्यांदा असा एक पांढरा ठिपका उमटवला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसले होते. आपण लिहिलेला आकडा आणि समोरचा उजेड यांच्यात काय काय घडतं, ते मला पहिल्यांदाच सगळंच्या सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चौकोन काढला आणि त्याच्या तिरप्या चिंध्या झाल्या. दोन दिवस मी रंगांचा हिशोब तपासत राहिले. चूक भलतीकडेच होती. ८०० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एक ओळ १६०० बाइटची, असं मी धरलं होतं. पडदा चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामने मात्र ओळ १६६४ बाइटची ठेवली होती. तिफणीचा तास धुऱ्यापर्यंत जात नाही, बैल वळायला जागा सोडतात, तशी ही प्रत्येक ओळीच्या शेवटी सोडलेली ६४ बाइटची जागा. ती मी मोजलीच नव्हती. त्यामुळे प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा ३२ पिक्सेल डावीकडे सरकत होती. ओळीची खरी लांबी ड्रायव्हरला विचारता येते. विचारायचीच, धरून चालायचं नाही.

ते जुळलं, तर चौकोनाच्या मध्येच काहीतरी लुकलुकायला लागलं. तो होता लिनक्सच्या कन्सोलचा, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या पडद्याचा, कर्सर. फ्रेमबफरवर त्याचाही हक्क असतो. कन्सोलला आधी ग्राफिक्स मोडमध्ये टाकायचं, मग तो हात लावत नाही.

पण खरा प्रश्न वजनाच्या आकड्याचा होता. पॅनेलला सेकंदाला साधारण ६० वेळा ही मेमरी वरून खालपर्यंत पाठवली जाते, तुमचं लिहून झालं की नाही ते न बघता. ४९.३ पुसून ४९.८ लिहायच्या मधल्या क्षणी पाठवणी झाली, तर आकड्याचा वरचा भाग एक आणि खालचा भाग दुसरा दिसतो, नाहीतर आकडा क्षणभर गायबच. घरच्या टीव्हीवर हे खपून जाईल. मोंढ्यात नाही. माझे वडील तुरीचे कट्टे घेऊन मोंढ्यात यायचे तेव्हा सौदा संपेपर्यंत त्यांची नजर काट्यावरून हलत नसे. आकडा थरथरला की शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येते, काटा मारतायत. वजन बरोबर असूनही विश्वास जातो, तोही माझ्या प्रोग्राममुळे, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून पुढे मी फ्रेमबफरची फाइल सोडून डीआरएम-केएमएस ही लिनक्सची पडदा चालवायची दुसरी व्यवस्था धरली. लिनक्सचे नवे डिस्प्ले ड्रायव्हर त्यातच लिहिले जातात. दोन बफर, म्हणजे पडद्याएवढे मेमरीचे दोन तुकडे, घ्यायचे. एक पडद्यावर, दुसऱ्यावर मागे निवांत चित्र काढायचं, पूर्ण झालं की 'पान उलट' म्हणून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं. एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या मोकळ्या वेळात तो बफर बदलतो. अर्धा आकडा कधीच दिसत नाही.

रेषा, चौकोन, वर्तुळं यांचं फार वाटून घेऊ नका. ब्रेसनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये प्लॉटरसाठी शोधलेली रेषेची रीत निव्वळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर चालते, आणि पडद्यावरची ओलावा दाखवणारी सुई मी आजही तिनेच काढते.

अवघड आहे ती आपली लिपी. इंग्रजीचं सोपं: एका अक्षराचं एक चित्र, एकापुढे एक ठेवत जायचं. 'क्विंटल' तसं लिहून बघा. मेमरीत क्रम असतो क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यायला हवी, तीही नुसत्या 'व'च्या नव्हे, अख्ख्या 'क्व'च्या आधी. साधा प्रोग्राम 'क'खाली पाय मोडतो आणि वेलांटी चुकीच्या जागी टांगतो. ही जुळणी करायला हार्फबझ आणि अक्षराचं चित्र काढायला फ्रीटाइप आहे. दोन्ही लायब्ररी विंडो सिस्टीमशिवाय चालतात. माझ्या काट्यावर मोजून चाळीसेक शब्द आहेत, म्हणून मी ते अख्खे शब्द संगणकावर आधीच चित्रं करून ठेवते आणि बोर्डावर फक्त चिकटवते. पण चुकीच्या वेलांटीचा काटा मी देत नाही. 'इंग्रजीच ठेवा, सोपं पडेल' असं एका गिऱ्हाइकाने सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. ज्याचा माल काट्यावर आहे त्याला तो वाचता आला पाहिजे.

सगळीकडे हे करू नका, हेही सांगते. ब्राउझर हवा असेल, पडद्यावरचा कीबोर्ड, चार-पाच प्रोग्राम, तर गुमान विंडो सिस्टीम घ्या. तिच्यामागे लोकांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

आणि पोरांचा शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून करू? घरातला जुना बोर्ड घ्या, डेस्कटॉप बंद करा, नुसत्या कन्सोलवर या. माझ्या पडद्याचा मध्य म्हणजे २४० गुणिले १६६४ अधिक ८००, बाइट क्रमांक ४,००,१६०. तुमच्या पडद्यावर हा आकडा वेगळा येईल. आधी ओळीची लांबी आणि पिक्सेलचे बिट विचारून घ्या, मग त्या जागी पांढरा लिहा.