चौथ्या शनिवारची बैठक: हजेरी वाढवण्याचा माझा अनुभव

कर सल्लागारांच्या स्थानिक संघटनेची मासिक बैठक ओस पडते, त्याला बहुतेक वेळा तारीख जबाबदार असते. 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला 3बी (जीएसटी भरायचं विवरणपत्र), आणि महाराष्ट्रातल्या तिमाही 3बीला 22. या दिवसांत ऑफिस सोडून कोण येणार? म्हणून मी चौथा शनिवार धरतो. तो 22 ते 28 याच तारखांत येतो, शिवाय बँका बंद असतात. तिमाही 3बीच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरात, तो नेमका 22 ला आला, तर बैठक मंगळवारी 25 ला घ्यावी.

आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूचा हॉल स्वस्तात मिळाला तरी नको. शनिवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, गाडी लावायला जागा सापडत नाही. सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, चालत जाता येईल अशी जागा बघा, म्हणजे गडहिंग्लज, जयसिंगपूरचे सभासदही येतात. साडेपाचला सुरू, सातला बंद. पाचच माणसं असली तरी सुरू करा. वाट बघत बसलात की पुढच्या महिन्यात तीही सहाला येतात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघायची. 39 फूट ही इशारा पातळी. पाणी तिकडं सरकायला लागलं की आदल्या दिवशी दुपारपर्यंत बैठक ऑनलाइन करून टाकायची.

खरी गर्दी विषय खेचतो. ‘जीएसटीतील नवे बदल’ हे घरी बसून वाचता येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘भंगार पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द, शिरोलीच्या फौंड्रीला आयटीसीसाठी डीआरसी-01. डीआरसी-06 मध्ये उत्तर देताना काय काय जोडाल?’ (आयटीसी म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, डीआरसी-01 ही कर मागणीची नोटीस, डीआरसी-06 हा तिच्या उत्तराचा फॉर्म.) मग लोक स्वतःच्या फायली घेऊन येतात. वजनकाट्याची पावती, ई-वे बिल, बँकेचा उतारा, 2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा जीएसटी तक्ता), गेटवरची आवक नोंद, सगळं टेबलावर पसरतं. अशिलाचं नाव आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) मात्र आधी झाकून घ्या. हा एक तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या तरुणाला हे विचारायला दुसरी जागाच नसते.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या निरोपावर अंगठे येतात, माणसं येत नाहीत. कार्यकारिणीतल्या पाच जणांनी आठ-आठ नावं वाटून घ्यावीत आणि बुधवारी फोन करावा: ‘सर, शनिवारी येताय न्हवं? तुमच्या त्या नोटिशीसारखंच प्रकरण आहे.’ सलग तीन बैठका चुकलेल्याला कारण विचारावं, जाब नव्हे.

वार्षिक सभेचं वेगळं. संघटनेच्या घटनेत कोरमअभावी (किमान हजेरी नसेल तर) अर्ध्या तासानं तीच सभा घ्यायची सोय बहुधा असते. नोटिशीत दोन्ही वेळा ठळक छापल्या की सगळे दुसऱ्याच वेळेला येतात. पहिली वेळ मोठ्या अक्षरात, सोयीचं कलम तळाशी. सह्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी घ्या. संघटना ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल आणि कार्यकारिणी बदलली, तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तेव्हा घरोघरी सह्या गोळा करत फिरायची वेळ येऊ नये.