‘सर, चालवायला दोन्ही सारख्याच’: फोर-व्हील ड्राइव्ह निवडतानाचा माझा अनुभव

पुण्यात राहणाऱ्या माणसाला टू-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद दोनच चाकांना) पुरते की फोर-व्हील ड्राइव्ह (ताकद चारही चाकांना) लागते, याचे उत्तर पुण्याच्या रस्त्यांवर सापडत नाही. माझ्यापुरता हा प्रश्न लांजा तालुक्यात, डांबर संपल्यावर आमच्या घराकडे चढणाऱ्या जांभ्याच्या वाटेवर होता. पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ धरते आणि नेमक्या अवघड जागी एक वळण असल्यामुळे खालून घेतलेला वेग तिथे मोडतो. आमची जुनी हॅचबॅक पुढच्या चाकांवर ओढणारी होती. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि नेमकी तीच ओढायची असल्याने जागच्या जागी फिरू लागतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी वाडीच्या तोंडाशी ठेवायची आणि गुडघे दुखणाऱ्या वडिलांना हाताला धरून वर न्यायचे, असे अनेक वर्षे चालले होते.

नव्या गाडीसाठी जे मॉडेल मनात भरले होते (त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार गाडीबद्दल नाही), ते मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळत होते आणि फोर बाय फोरमध्येही, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हमध्येही. किमतीत सुमारे दोन लाखांचा फरक होता. मागच्या चाकांची गाडी चढावर पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा बरी, हे तर्काला पटत होते. शेजारचा पिकअपवालाही त्याच वाटेने आंब्याच्या पेट्या नेत-आणत असतो. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, खताच्या गोणी भरलेल्या असल्या की चढते, रिकामी असली की पावसात नाय चढत.” आम्ही तिघे आणि दोन पिशव्या म्हणजे जवळपास रिकामीच गाडी. तरीही केवळ या एका वाक्यावर दोन लाख खर्च करावेत असे वाटेना, म्हणून दोन्ही गाड्या चढावर चालवून पाहायच्या असे मी ठरवले, आणि येथूनच त्रास सुरू झाला.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हसाठी टू-व्हील ड्राइव्हची गाडी लगेच मिळाली. फोर बाय फोरबद्दल विचारल्यावर विक्रेत्या तरुणाने अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले, “सर, चालवायला दोन्ही सारख्याच.” सपाट हायवेवर टू-व्हील मोडमध्ये त्या जवळजवळ सारख्याच वाटणार, हे मलाही ठाऊक होते, मला ज्या जागी त्या वेगळ्या वागतात ती जागा पाहायची होती. मग कधी ती गाडी दुसऱ्या शाखेत आहे असे कळले, कधी वर्कशॉपमध्ये, कधी कुठल्याशा प्रदर्शनात. “शनिवारी नक्की येते, सर,” असे दर आठवड्याला सांगितले जाई, आणि शनिवारी दुपारी मी तिथे पोहोचल्यावर मला चहा मिळे. एकदा गाडी खरोखरच आली, तेव्हा सोबत बसलेल्या माणसाने डांबर सोडायला मनाई केली आणि फोर-व्हीलच्या लिव्हरला हात लावू दिला नाही, कारण ‘ग्राहकांनी लावायची परवानगी नाही’. दोन लाख ज्या लिव्हरसाठी मोजायचे, ती दुरून पाहून घ्यायची, असा हा व्यवहार होता.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “तुम्ही ऑफ-रोडिंग करणार आहात का?” मी वडिलांना घरी नेणार आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला टू-व्हीलचे कोटेशन पुन्हा छापून दिले आणि हवी असल्यास ‘ऑल-व्हील’वाली दुसरी गाडीही दाखवता येईल, असे वर सांगितले. हा गोंधळ मला अनेकांच्या बोलण्यात आढळला, म्हणून येथेच लिहून ठेवतो: चारही चाकांना ताकद मिळणे आणि लो रेंज (चाकांवरचा जोर वाढवून गाडी अगदी मंद चालवणारा जादा गिअर) असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मारुतीच्या जिम्नी आणि ग्रँड विटारा या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत ‘ऑलग्रिप’ हे नाव ऐकू येते. परंतु जिम्नीत लो रेंजचा गिअर आहे आणि ग्रँड विटारात तो नाही. ओल्या डांबरासाठी आणि साध्या चिखलासाठी लो रेंजवाचून चालते. खड्या, निसरड्या चढावर मात्र इंजिनाचा जोर मंद वेगात, धक्का न देता चाकांपर्यंत पोहोचावा लागतो, आणि ते काम लो रेंज करते. हे मला त्या शोरूममध्ये कोणीही सांगितले नाही, आणि मी सांगितले तर ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

अखेरीस गावाहून परतताना मी वाकडी वाट करून कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे गेलो. तिथल्या मध्यमवयीन गृहस्थांनी “पाऊस पडून गेलाय, बघूनच घ्या” असे म्हणून गाडी थेट पन्हाळ्याच्या बाजूच्या एका कच्च्या चढावर नेली. टू-व्हीलमध्ये गाडी अर्ध्यावर थांबली, एक मागचे चाक फिरू लागले आणि ट्रॅक्शन कंट्रोलने त्याला ब्रेक लावून पाहिला तरी गाडी हलेना. ती पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून त्यांनी मला फोर-लोमध्ये (चारही चाके आणि लो रेंज) टाकायला लावली, आणि तीच गाडी ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून वर गेली. उतरताना तर मी अधिकच चकित झालो, कारण इंजिनाचा अटकाव चारही चाकांवर असल्याने ब्रेकवर पाय न देता ती सावकाश खाली आली. एवढे पाहायला अर्धा तासही लागला नाही. पुण्यात याचसाठी माझे किती शनिवार गेले, ते आठवले की अजूनही चीड येते.

गाडी तिथेच घेतली. कर्ज, विमा, पासिंग यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. मात्र किमतीतला फरक शोरूमच्या आकड्यावर मोजू नये: महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल मोटारीला 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 14 टक्के एकरकमी कर असल्याने दोन लाखांवर आणखी 28,000 रुपये चढतात, आणि विमा वेगळा.

पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी दोन चाकांवर चालणारी आणि गरजेपुरती चारही चाके जोडायची गाडी) कोरड्या डांबरावर कधीही फोर-व्हीलमध्ये चालवू नये, हेही आधी लिहायला हवे होते. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, पण मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) नसल्याने तो फरक निघायला वाट मिळत नाही आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, त्याचेही कारण हेच. फोर-व्हीलमुळे ब्रेक अधिक चांगले लागत नाहीत, कारण ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. त्यामुळे ताम्हिणीत ओल्या रस्त्यावर वेग वाढवण्याची मुभा मिळाली असे समजू नये. ज्यांच्या घरापर्यंत बारमाही डांबर आहे, त्यांनी हे दोन लाख वाचवून त्यातले थोडे चांगल्या टायरांवर घालावेत, असेच मी सांगेन.

आणि बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी पावतीवर ‘फोर बाय फोर गाडी कच्च्या चढावर, लिव्हर वापरून चालवून दाखवल्यानंतरच बुकिंग पक्के, अन्यथा पूर्ण रक्कम परत’ असे लिहून, सहीशिक्का घ्यावा. माझ्या पावतीवर तसे लिहिलेले नव्हते, त्यामुळे पुण्याच्या शोरूममधली ती रक्कम परत मिळवायला मला गाडी घेऊन झाल्यावरही आणखी काही शनिवार तिथे जावे लागले.