एका गटाराचे काम नगरपरिषदेतून पूर्ण करून घेताना : माझा अनुभव

२०१६ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत मी आमच्या नगरपरिषदेवर निवडून आले. आमची नगरपरिषद क वर्गातली, म्हणजे चाळीस हजारांच्या आतल्या लोकसंख्येची. माझ्या प्रभागातल्या एका वस्तीत रस्त्याच्या कडेचे गटार जागोजागी फुटलेले होते आणि दर पावसाळ्यात त्याचे पाणी उताराकडच्या घरांत शिरत असे. ते गटार नव्याने बांधून घेण्याचे काम मी हाती घेतले आणि पहिल्या अर्जापासून अंतिम देयकापर्यंतचा त्याचा सगळा प्रवास जवळून पाहिला. नव्याने निवडून येणाऱ्या सदस्यांना हा मार्ग सहसा कुणी सविस्तर सांगत नाही, आणि अर्ज घेऊन नगरपरिषदेत जाणाऱ्या नागरिकांना तर बहुधा नाहीच. म्हणून हे लिहीत आहे.

सर्वसाधारण सभेत विषय मंजूर झाला की काम झाले, असे बाहेरून वाटते. सभेतल्या चर्चेच्याच बातम्या येतात, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. माझा अनुभव मात्र असा आहे की कामाचे बरेवाईट सभेच्या कितीतरी आधी, बांधकाम विभागाच्या टेबलावर, अंदाजपत्रक तयार होताना ठरते. सभेसमोर येते ती कामाच्या नावाची एक ओळ आणि एक रक्कम. त्या रकमेच्या पोटात कोणती बाब धरली आहे आणि कोणती सुटली आहे, हे सभागृहात कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी तिथे त्याचे उत्तर देता येत नाही.

वस्तीतल्या रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज आवक कक्षात देऊन त्याची पोच घेतली. प्रभाग द्विसदस्यीय असल्याने दुसऱ्या सदस्यांचे पत्रही सोबत जोडले. एकाच प्रभागातून दोन सदस्यांची दोन वेगवेगळी मागणीपत्रे गेली की दोन्ही मागे पडतात, त्यामुळे कोणते काम आधी घ्यायचे हे आम्ही दोघांनी आपसात आधीच ठरवून घेतले होते. काही दिवसांनी बांधकाम विभागाने अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा केला. त्यात गटाराची लांबी, रुंदी, खोली, खोदाई, तळाचे काँक्रीट आणि दोन्ही बाजूंच्या भिंती एवढ्या बाबी होत्या. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे लावलेले होते, वस्तू व सेवा कर आणि एक टक्का कामगार उपकर धरलेला होता. कागद म्हणून मसुदा नीट होता. पण हे पाणी शेवटी जाणार कुठे, याचा त्यात उल्लेख नव्हता.

मी अभियंत्यांना विनंती केली की एकदा जागेवर तलांक, म्हणजे जमिनीच्या ठिकठिकाणच्या उंचीची मापे, घेऊन पाहावेत. त्यांनी ती लगेच मान्य केली, आणि या संपूर्ण प्रक्रियेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सकाळ ती होती. तिपाईवर लेव्हल उभी केली, एक कर्मचारी आकड्यांची पट्टी घेऊन गटाराच्या काठाने ठरावीक अंतरावर थांबत गेला आणि अभियंता दुर्बिणीतून वाचन घेऊन वहीत टिपत गेले. पट्टीवरचे वाचन जितके जास्त, तितकी जमीन खाली, हे त्यांनी मला समजावून सांगितले. वाचन हळूहळू वाढत गेले, म्हणजे उतार बरोबर होता. पण गटार जिथे मुख्य रस्ता ओलांडून नाल्याकडे जाते तिथल्या जुन्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या छोट्या बांधकामाच्या, तळावर पट्टी टेकवली, तेव्हा वाचन एकदम कमी झाले. मोरीचा तळ नियोजित गटाराच्या तळापेक्षा वर होता. गटार कितीही चांगले बांधले असते तरी पाणी मोरीपाशी अडून मागे घरांकडेच फिरले असते.

त्या एका नोंदीमुळे अंदाजपत्रक बदलले. जुनी मोरी काढून खालच्या तलांकावर नवी बांधणे ही बाब त्यात आली. त्याच पाहणीत दिसले की निम्म्याहून अधिक घरांच्या नळजोडण्या गटाराच्या पोटातून आडव्या गेल्या आहेत. गंजलेला नळ गटाराच्या पाण्यात बुडालेला असला आणि पुरवठा बंद असताना नळातला दाब नाहीसा झाला, की बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. छोट्या शहरांतल्या साथींचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्या जोडण्या गटाराच्या वरून, संरक्षक नळीतून घेण्याची बाबही धरली गेली. अंदाजपत्रकाची रक्कम अर्थातच वाढली, पण तेवढा खर्च त्या कामाला खरोखरच आवश्यक होता.

यानंतर पैशांचा प्रश्न आला. नगरपरिषदेचा स्वनिधी मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्यातून येतो. आस्थापना, वीजबिल आणि पाणीपुरवठ्याचा खर्च भागवून, तसेच महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठीची राखीव तरतूद बाजूला ठेवून भांडवली कामांना फारच थोडे उरते. १४व्या वित्त आयोगाचा त्या वर्षाचा निधी कचरा व पाणीपुरवठ्याच्या कामांना आधीच लागलेला होता. वस्ती दलित वस्ती म्हणून घोषित नसल्याने त्या योजनेतून हे काम घेता येत नव्हते, आणि तो निधी दुसरीकडे वळवणे योग्यही नव्हे. उरला तो जिल्हास्तरीय नगरोत्थान योजनेचा, म्हणजे शहरांतल्या पायाभूत कामांना निधी देणाऱ्या राज्याच्या योजनेचा, मार्ग. त्यासाठी तांत्रिक मान्यता घेतलेले अंदाजपत्रक आणि सर्वसाधारण सभेचा ठराव यांसह प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेकडे द्यावा लागतो आणि प्रशासकीय मान्यता तिथून येते.

सभेची बाब सांगायलाच हवी. महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, व तिच्यासोबत विषयपत्रिका असते. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली अनेक कामे घुसवली जातात. एका ज्येष्ठ सदस्यांनी मला आपुलकीने सुचवले, “ताई, ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू, कशाला पुढच्या सभेपर्यंत थांबता?” त्यांचा हेतू चांगला होता, तरी मी थांबले. ज्या विषयाची सदस्यांना आधी सूचना नाही त्यावर झालेल्या ठरावाविरुद्ध कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो, आणि कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. एकदा स्थगिती आली की सुनावणी होऊन ती उठेपर्यंत किती काळ जाईल याचा भरवसा नसतो.

मग विषय रीतसर विषयपत्रिकेवर आला. सभा लिपिकाकडे बसून मी ठरावाचा मसुदा शब्दन् शब्द वाचून घेतला. ‘प्रभागात गटार बांधणे’ असे मोघम लिहिलेले होते. त्याऐवजी कुठून कुठपर्यंत, मोरीच्या पुनर्बांधणीसह आणि नळजोडण्यांच्या स्थलांतरासह, असे स्पष्ट लिहून घेतले. ठरावातल्या नावापलीकडची बाब पुढे निविदेत घालता येत नाही, आणि घातली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. सूचक म्हणून मी आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्या पक्षाचे सदस्य, अशी नोंद झाली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत प्रस्तावाला जोडली गेली.

प्रशासकीय मान्यता येईपर्यंत वर्ष सरत आले. निविदा ऑनलाइन, दोन लिफाफा पद्धतीने निघाली. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले गेले. सर्वांत कमी दर अंदाजपत्रकापेक्षा बराच खाली असल्याने त्या ठेकेदाराकडून नियमाप्रमाणे अतिरिक्त सुरक्षा अनामत घेतली गेली. मला ही तरतूद फार आवश्यक वाटते. खूप कमी दराने काम घ्यायचे आणि सिमेंट कमी वापरून ते भरून काढायचे, या प्रवृत्तीला थोडा तरी आळा त्यामुळे बसतो.

कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघण्यापूर्वीच १० मार्च २०१९ रोजी लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागू झाली. वस्तीतल्या लोकांना हे समजावणे सर्वांत कठीण गेले. “ताई, पैसे आलेत, ठेकेदार ठरलाय, मग अडलंय कुठे?” असे एक आजी मला विचारत, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. आचारसंहिता संपल्यावर कार्यादेश निघाला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. भर पावसात रस्त्याकडेला चर खोदून ठेवणे धोक्याचे असल्याने काम लांबले, आणि त्याच वेळी विधानसभेची निवडणूक जवळ येत असल्याचे सगळ्यांना दिसत होते.

इथे एक नियम नीट माहीत असणे उपयोगी पडले. कार्यादेश आधी दिलेला आहे एवढ्यावर आचारसंहितेच्या काळात काम सुरू करता येत नाही. काम जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेले असले तरच ते पुढे चालू ठेवता येते. अभियंत्यांनी ठेकेदाराला तसे लेखी कळवले आणि सप्टेंबरमधल्या उघडिपीत चढाच्या टोकाकडून, जिथे पाणी साचण्याचा प्रश्न नव्हता तिथून, आखणी करून खोदाई सुरू केली. काम सुरू झाल्याची नोंद नस्तीवर घेतली गेली. २१ सप्टेंबरला विधानसभेची घोषणा झाली, पण आमचे काम थांबले नाही.

खोदाई घरांपाशी आली तेव्हा ओटे आणि पायऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच घरांच्या पायऱ्या गटारावर आलेल्या होत्या. नोटिसा निघाल्याच, पण त्याआधी आम्ही दोन्ही सदस्य घरोघरी गेलो आणि नव्या गटारावर प्रत्येक दारासमोर उचलता येणारे झाकण बसणार असल्याचे नकाशावर दाखवले. बहुतेकांनी पायऱ्या स्वतःहून काढल्या. सलग स्लॅबऐवजी सुटी झाकणे घेण्याचा आग्रह मी धरला होता, कारण सलग झाकलेले गटार सफाई कामगारांना साफच करता येत नाही आणि पाच वर्षांत ते गाळाने भरते.

काँक्रीट ओतायच्या दिवशी अभियंत्यांनी १५ सेंटिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यांत ठोकळे भरून घेतले. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन इतका दाब सोसला पाहिजे. ठोकळ्यांवर तारीख आणि साखळी क्रमांक (गटाराच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराची खूण) कोरलेला असल्याची खात्री वस्तीतल्या दोन तरुणांनी स्वतः करून घेतली. अशी देखरेख रहिवाशांनी ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार नागरिकाला दिलेलाच आहे.

देयकाचा आधार म्हणजे मोजमाप पुस्तिका. कागदावर कितीही लांबी मंजूर असली तरी पुस्तिकेत प्रत्यक्ष मोजून नोंदलेल्या परिमाणाचेच पैसे मिळतात. मोरीजवळ खडक लागल्याने खोदाईचा प्रकार बदलला होता. ती नोंद अभियंत्यांनी फोटोसह वेगळी ठेवली, म्हणून लेखापालांच्या तपासणीत शंका निघाली नाही. त्रयस्थ तांत्रिक तपासणीत दोन ठिकाणी झाकणांच्या कडा तुटलेल्या आढळल्या, त्या बदलून घेतल्यावरच अंतिम देयक मंजूर झाले, आणि सुरक्षा अनामत दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ) संपेपर्यंत नगरपरिषदेकडे राहिली. २०२० च्या पावसाळ्यात मोरीच्या एका बाजूचा भराव खचला तेव्हा ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून दिला.

त्यानंतरच्या अर्थसंकल्पीय सभेपूर्वी मी मुख्याधिकाऱ्यांना पत्र देऊन एकच मागणी केली, आणि ती मान्य झाली : यापुढे गटाराच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला तलांकांचा तक्ता आणि पाण्याच्या अंतिम निकासाचा नकाशा जोडल्याशिवाय तो विषय सभेपुढे ठेवू नये.