ळ कुठं बसतो?

निपाणीच्या एका पतसंस्थेच्या सभासद-यादीचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं बेळगावातून, टिळकवाडीतल्या एका खोलीत बसून सांभाळतो. नवी आवृत्ती निघाली की माझ्या लॅपटॉपवर पॅकेज बांधायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि बस पकडायची. एका फेरीत तिथले क्लार्क काका म्हणाले, "काळे काशीदच्या आधी कसा हो? रजिस्टरात तसं नसतंय की." परत येऊन लॅपटॉपवर यादी उघडली. आधी काशीद, मग काळे. काकांचा चष्मा बदलायला झालाय, असं मनात म्हटलं.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी शेवटी सीआय, म्हणजे कोड बदलला की तपासणी आपोआप चालवणारी व्यवस्था, बसवायला घेतलं. कोड पुश झाला की कोऱ्या डेबियन कंटेनरमध्ये, म्हणजे वरून काहीच न घातलेल्या वेगळ्या लिनक्समध्ये, टेस्ट चालाव्यात आणि मग डेबियनवर बसवायचं डेब पॅकेज बनावं, एवढंच. पहिली टेस्ट काकांच्या तक्रारीचीच लिहिली. लॅपटॉपवर पास, सीआयमध्ये लाल.

युनिकोडात, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ळ चा क्रमांक ०९३३, म्हणजे ल ला अगदी चिकटून. व, श, ह त्याच्या पुढे. आपल्या वर्णमालेत मात्र ळ येतो ह नंतर. नुसत्या क्रमांकांनी लावलं की काळे वर सरकतो, म्हणून मी भाषेच्या वर्णक्रमानं यादी लावून देणारी आयसीयू ही तयार लायब्ररी वापरली होती. पण ती सापडली नाही तर गुपचूप साध्या क्रमावर भागवायचं, अशी तीन ओळींची सोयही मीच कधीतरी करून ठेवलेली! माझ्या लॅपटॉपवर आयसीयू दुसऱ्याच कामासाठी आली होती. निपाणीच्या मशीनवर ती कधी नव्हतीच.

पॅकेजला काय काय लागतं ते लिहायच्या कंट्रोल फाइलीत, बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधताना लागणाऱ्या गोष्टींत, आयसीयूचं नाव घातलं. हिरवं. मी चहा सांगितला.

"हे पॅकेज बांधायला लागतंय ते झालं," भागीदार म्हणाला. "काकांच्या मशीनवर कोण घालणार? तू, बसनं जाऊन?"

मग ऑटोपीकेजीटेस्टची पायरी जोडली. ती तयार पॅकेज कोऱ्या जागी बसवून टेस्ट चालवते. पुन्हा लाल. डिपेंड्समध्येही, म्हणजे चालवताना लागणाऱ्या गोष्टींत, नाव घातलं, त्या तीन ओळी उडवल्या, तेव्हा कुठं हिरवं झालं. चहा गार.

भागीदाराच्या घरची भाषा कानडी. तो बोटांवर य, र, ल, व करत ह पर्यंत गेला, पुढं ळ. "नम्दू हंगे," म्हणाला. त्यांचंही तसंच!

सोमवारी निपाणीला गेलो. काकांनी पडद्यावर बोट टेकवून खाली आणलं: काशीद, काळे.

"आता कसं," म्हणाले. चष्म्याचं मी बोललो नाही.