चार पुठ्ठे आणि एक टेप

सांगलीतल्या आमच्या टीव्हीच्या दुकानात शटरच्या आतल्या बाजूला चार पुठ्ठे उभे करून ठेवलेत, ३२, ४३, ५५ आणि ६५ इंची टीव्हीच्या मापाचे. टीव्हीच्या खोक्यांचेच कापलेत, कडेनं काळी चिकटपट्टी आणि मधे मार्करनं आकडा. गिऱ्हाईक मोठा टीव्ही बघायला आलं की मी आधी टीव्ही दाखवतच नाही, घर कुठाय विचारतो. विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता अशा जवळपासच्या भागात असेल तर आमचा पोरगा गाडीवर पुठ्ठे घेऊन जातो आणि भिंतीला लावून दाखवतो, लांबचं असेल तर माप लिहून देतो आणि रद्दीचे पेपर चिकटवून बघा म्हणतो. लोक हसतात. एका काकांनी तर विचारलं, "पुठ्ठ्याची वॉरंटी किती वर्षं?" पण खरं सांगू, या पुठ्ठ्यांनी जेवढा धंदा दिला तेवढा बाहेरच्या लाइटच्या बोर्डानं पण दिला नाही.

सुरुवात विक्रीची नव्हतीच. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक केलं आणि १९९४ला मारुती रोडच्या मागच्या बोळात ८ बाय १०चा गाळा घेतला, त्यात एक टेबल, एक सोल्डरिंग गन, एक मीटर आणि गिऱ्हाइकांचे उघडे पडलेले टीव्ही. तेव्हा रोजची कामं म्हणजे एलओटी म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर जळाला, पिक्चर ट्यूब डाऊन झाली, किंवा नुसताच अँटेना माकडानं फिरवलाय. १९९६च्या वर्ल्डकपला पहिल्यांदा कळलं की दुरुस्तीपेक्षा विकण्यात पैसा आहे, मॅचच्या आदल्या दिवशी लोक बंद पडलेला सेट घेऊन यायचे आणि रात्रीत करून द्या म्हणून दारात बसायचे, मग मी जुने सेट घेऊन, नीट करून विकायला ठेवायला लागलो. पुढं नवे आले. २९ इंची ट्यूबवाला टीव्ही ज्यानं जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवलाय त्यालाच आजच्या टीव्हीची किंमत कळते, पन्नासेक किलोचा ऐवज, आणि सगळं वजन काचेच्या बाजूला, त्यामुळं पुढं धरणाऱ्याची कंबर गेलीच म्हणून समजा. माझी गेली.

आता माझ्या खिशातली मोजायची टेप कुठून आली ते सांगतो. एलसीडी नवीन नवीन आले तेव्हा एक रिटायर गुरुजी आमच्याकडून ३२ इंची घेऊन गेले, घरचा २९ इंची ट्यूबवाला बदलून. आठ दिवसांनी परत, चेहरा पडलेला. म्हणाले, "अहो, तीन इंच जास्त म्हणून पैसे घेतलेत आणि आमच्या घरात बातम्या देणारी बाई लहान झाली की हो." मला वाटलं गुरुजींचा चष्मा बदलायला झालाय. घरी जाऊन मोजलं तर गुरुजी बरोबर! इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जुना टीव्ही ४ बाय ३चा चौकोनी होता म्हणजे चित्राची उंची साधारण ४४ सेंटीमीटर, नवा १६ बाय ९चा आडवा, त्याची उंची ४० सेंटीमीटरच. वाढलं ते सगळं रुंदीत. त्या दिवसापासून खिशात टेप आहे, आणि आजही कुणी जुन्या आठवणीनं "आमच्याकडं एवढा होता" म्हणून हात पसरून दाखवला तर मी टेप काढतो.

मग २०१९चा ऑगस्ट, कृष्णेचा महापूर. सांगलीच्या माणसाला जास्त सांगायला नको. २००५ला पाणी काउंटरपर्यंत आलं होतं म्हणून यावेळी आम्ही सगळा माल काउंटरच्या वरच्या फळीवर चढवला आणि निवांत झोपलो. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर खोक्यांचा लगदा झालेला आणि टीव्हीच्या आत चिखल. काही सेट धुऊन वाळवून चालू झाले, ते नातेवाइकांत वाटले, विकायची हिंमत झाली नाही. आमची सौ. म्हणाली आता नदीपासून लांब जाऊया, तिचे दागिने आणि बँकेचं कर्ज मिळून विश्रामबागला गाळा घेतला, आणि मोठ्या स्क्रीनचा आमचा धंदा खऱ्या अर्थानं तिथं सुरू झाला कारण तिकडं नवीन फ्लॅट होते आणि फ्लॅट घेतला की लोकांना भिंत रिकामी बघवत नाही.

आणि तिथंच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. कुपवाडचं एक जोडपं, नवीन घर, बजेट होतं ४५ हजार. मी हप्ते करून देतो म्हणून वर चढवत चढवत त्यांना ६५ इंची दिला, स्कीम चालू होती, मला पण टार्गेट होतं. खोली १० बाय ११, आणि दिवाण ते भिंत अंतर जेमतेम ६ फूट. घरात बघायचे काय तर केबलवरच्या मालिका. पंधरा दिवसांत फोन, चित्र फाटतंय, हिरॉइनचा चेहरा धुतल्यासारखा दिसतोय, वहिनींचं डोकं दुखतंय. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, टीव्हीत काही फॉल्ट नाही. खरंच नव्हता. फॉल्ट माझ्यात होता. तो सेट परत घेतला, ५५ न देता ४३ दिला, उरलेले पैसे परत केले आणि वापरलेला सेट सहा हजार तोट्यात काढला. त्याच्याच खोक्यातून पहिला पुठ्ठा कापला.

झालं काय होतं ते नीट सांगतो कारण हेच लोकांना माहीत नसतं. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८३ लाखांच्या आसपास ठिपके असतात. एसडी म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनलचं चित्र येतं ७२० गुणिले ५७६चं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. बाकीचे ठिपके टीव्हीला स्वतःच्या मनानं भरायचे असतात, एकाचे वीस करायचे. ४३ला ते खपून जातं, ६५ला सहा फुटांवरून उघडं पडतं. म्हणून आमचा पहिला प्रश्न बजेट किती हा नसतोच, डोळा ते भिंत किती फूट आणि बघता काय, हे दोन प्रश्न. हिशोब सोपा आहे, अंतर इंचात घ्या आणि १.६नं भागा. ६ फूट म्हणजे ७२ इंच, भागिले १.६, येतात ४५, म्हणजे ४३ घ्या. साडेसात फूट असेल तर ५५ छान बसतो, नऊ फुटांच्या जवळपास असाल तर ६५चं बोला. फक्त नेटवरचे पिक्चर बघणारं घर असेल तर एक साइज वर गेलं तरी चालतं, फक्त केबल असेल तर मी एक साइज खालीच ओढतो किंवा आधी एचडीचा पॅक घ्या म्हणतो. आणि हो, ५५ म्हणजे ४३पेक्षा थोडासा मोठा असं वाटतं पण क्षेत्रफळ काढलं तर दीडपटीच्या वर जातं, पुठ्ठा भिंतीला लावल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही.

आता पैशाचं. समजा कुणी आला आणि म्हणाला ४० हजार आहेत, एक रुपया वर नाही. बरेच दुकानदार ४० हजाराचाच टीव्ही दाखवतात. मी त्यातले पाच-सहा हजार आधीच बाजूला काढतो, साउंडबारला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला. आजकालचे टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकरला जागाच उरली नाही, आवाज खालच्या बाजूनं निघतो आणि भिंतीवर आपटून येतो, डायलॉग कळत नाही म्हणून आवाज वाढवा, मग गाणं लागलं की शेजारी उठतात. भिंतीचा स्टँड आणि फिटिंगचे हजार-दीड हजार वेगळे. राहिले ३३ हजार, त्यात सध्या चांगल्यातला ५५ बसतो, फक्त खोक्यावरचे स्टिकर वाचायचे बंद करावे लागतात.

स्टिकरची गंमत अशी की क्यूएलईडी म्हटल्यावर लोकांना वाटतं ओएलईडीचा चुलतभाऊ आहे. तसं काही नाही, तो एलईडीच, मागं दिवे आणि मधे रंग खुलवणारी एक फिल्म. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, तो प्रकारच वेगळा आणि किंमत पण. एचडीआरचं, म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार जास्त उठून दाखवण्याचं, पण तसंच, शिक्का सगळ्यांवर असतो, पण एचडीआर दिसायला उजेड लागतो आणि बजेटच्या टीव्हीत तेवढा उजेड नसतो, सिग्नल घेतो एवढंच. शिक्क्याला जास्तीचे चार हजार देऊ नका.

मी पैसे पॅनलला, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याला द्यायला सांगतो, आणि त्याचे मुख्य प्रकार दोन. आयपीएस पॅनल बाजूनं बघितलं तरी रंग उडत नाहीत, पण अंधारात काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए पॅनलला काळा चांगला काळा, पण कडेला बसलेल्याला चित्र फिकट. आपल्या घरात समोर एकटा बाबा बसतो आणि बाकीचे दिवाणावर, जमिनीवर, स्वयंपाकघराच्या दारातून बघत असतात, दार उघडं, दुपारचा उजेड आत, अशा घरात आयपीएस. रात्री लाइट बंद करून दोघंच पिक्चर बघणार असतील तर व्हीए. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन साइजला दोन वेगळी पॅनल येऊ शकतात, त्यामुळं चालू करून, कडेला उभं राहून बघणं हाच उपाय. बघताना आधी तो रंग भडक करणारा व्हिविड मोड काढा. शोरूममधे सगळे टीव्ही व्हिविडवर असतात, आमचे पण होते, खोटं कशाला बोलू, पोपट जास्तच हिरवा दिसला की गिऱ्हाईक पटकन पाकीट काढतं. आता आम्ही स्टँडर्डला ठेवतो आणि पेनड्राइव्हमधे पोपट न ठेवता केबलवरची रेकॉर्ड केलेली मालिका आणि क्रिकेटची मॅच ठेवलीय. शेजारच्या दुकानापेक्षा आमचे टीव्ही जरा मळके दिसतात, ते मान्य.

स्मार्टपणाला मात्र मी फार भाव देत नाही. तीन-चार वर्षांत टीव्ही हळू होतोच, ॲप उघडायला मिनिट लागतं, पण तेव्हा नेटवरची ॲप चालवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागं लावली की झालं. पॅनल मागून लावता येत नाही. म्हणून मागच्या वर्षीचं मॉडेल आणि चांगलं पॅनल असं मिळालं तर मी स्वतः तेच घेतो. आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा उजेड, शंभरवर ठेवू नका, सत्तरवर आणा, आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त टीव्हीत सगळ्यात जास्त आतल्या एलईडीच्या पट्ट्याच गेलेल्या असतात, आवाज येतो आणि चित्र नाही. ती पट्टी बदलता येते. काच फुटली तर मात्र विषय संपला, वॉरंटीत बसत नाही आणि नवीन पॅनलच्या पैशात जवळजवळ टीव्हीच येतो.

ऑनलाइनचं विचारतात सगळे. आधी मी भांडायचो. गिऱ्हाईक मोबाइल पुढं धरून म्हणायचं बघा इथं चार हजार कमी, आणि माझी खरेदीच त्याच्या वर असायची. एकदा असंच एकाला चिडून म्हणालो घ्या मग तिकडूनच, तर त्यानं घेतला, आणि कंपनीचा फिटिंगवाला पाच दिवस आलाच नाही म्हणून बिचारा परत माझ्याकडंच आला. ५०० रुपयांत लावून दिला, जाताना केबल आणि साउंडबार माझ्याकडून घेऊन गेला. तेव्हापासून सरळ सांगतो, स्वस्त मिळत असेल तर तिकडून घ्या, फक्त खोकं उघडताना व्हिडिओ काढा, डिलिव्हरीवाला आडवं झोपवून आणत असेल तर घेऊ नका, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगलीत किंवा कोल्हापुरात आहे का बघा. एका ब्रँडचे पंधरा टीव्ही मी विकले आणि वर्षभरात त्यांनी इकडचं सेंटर बंद केलं, अजून ते पंधरा लोक मलाच फोन करतात.

गेल्या वर्षी, २०२५ला, वेगळीच परीक्षा झाली. ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात चिटपाखरू नाही. गणपतीचा सगळा सीझन कोरडा गेला, लोक येऊन पुठ्ठा बघून जायचे, "घट बसू देत, मग येतो". २२ सप्टेंबरला, नेमकी घटस्थापनाच, १८ टक्के लागू झाला. करासहित ४४,८०० ला असलेला टीव्ही ४१,३०० वर आला. दसऱ्यापर्यंत आम्ही दुकानात जेवलो नाही, उभ्यानं वडापाव.

वर्ल्डकपचं राहिलंच. २०२३च्या फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी रात्री नऊ वाजता एकजण आला, ५५ पाहिजे आणि आत्ता लावून पाहिजे. पुठ्ठा नको, काही नको. लावला रात्री साडेअकराला. रविवारी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी हा दारात उभा, म्हणे टीव्ही परत घ्या, पायगुण चांगला नाही. चहा पाजून परत पाठवला. परवा त्याच माणसाचा फोन आला, नवीन बंगला बांधलाय, हॉल मोठा आहे, ७५ बसेल का. मी म्हटलं डोळा ते भिंत किती. म्हणाला अकरा फूट. बसेल तर आरामात, पण ७५ म्हणजे साडेपाच फूट रुंद आणि तीन फुटांवर उंच, एवढा पुठ्ठा आमच्याकडं नाही. पुढच्या गाडीत ७५चा एक सेट येतोय, खोकं उघडलं की कापतो आणि घेऊन जातो.