पनवेल ते कुडाळ : पावसाळ्यातील मुंबई-गोवा महामार्ग आणि वाहनचालकांसाठी काही सूचना

गणपतीच्या आधी, ऐन पावसात, पनवेलहून कुडाळपर्यंत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66 ने स्वतः गाडी चालवत जाण्याचा योग यंदा आला. येत्या दिवसांत याच वाटेने गावी निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. या रस्त्यावर सर्वांत मोठा धोका खड्ड्यांचा आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात, चांगला रस्ता कोणतीही सूचना न देता अचानक संपतो, ती जागा खड्ड्यांपेक्षा जास्त घातक आहे.

या महामार्गाचे चौपदरीकरण 2011 मध्ये पळस्पे ते इंदापूर या सुमारे 84 किलोमीटरच्या टप्प्यापासून सुरू झाले. पुढचा इंदापूर ते झाराप हा भाग वेगळ्या यंत्रणेकडे आणि अनेक कंत्राटदारांमध्ये वाटून दिलेला असल्यामुळे रस्त्याचा दर्जा टप्प्याटप्प्याने बदलतो. एका कंत्राटदाराचे काँक्रीट जिथे संपते आणि दुसऱ्याचे जिथे सुरू व्हायचे आहे, त्या मधल्या पट्ट्याची देखभाल कोणाचीच नसावी असे तिथली अवस्था पाहून वाटते.

पनवेलहून पहाटे निघाल्यामुळे पेण आणि वडखळ विनासायास मागे पडले. नागोठणे ते कोलाड या भागात मात्र नवे काँक्रीट, जुने डांबर आणि उड्डाणपुलांच्या कामांसाठी काढलेली वळणे एकामागोमाग एक येतात. इंदापूर आणि माणगाव या दोन्ही गावांतून आम्हाला बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यानेच जावे लागले, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे तासन्‌तास कोंडी होते. माणगाव सकाळी आठच्या आत ओलांडता येईल अशा बेताने घर सोडावे, ही माझी पहिली सूचना.

महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल ओलांडताना 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा जुना पूल त्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. नवा पूल पुढच्याच वर्षी वाहतुकीस खुला झाला. इतके मोठे काम एका वर्षाच्या आत होऊ शकते, तर वळणांवर परावर्तक पट्ट्या आणि दिशादर्शक फलक लावायला वर्षानुवर्षे का लागावीत, हा प्रश्न वाटेत वारंवार पडत होता.

कशेडीचा बोगदा सप्टेंबर 2023 मध्ये गणेशोत्सवापूर्वी एका बाजूने सुरू झाला आणि पोलादपूर-खेड दरम्यानचा वळणावळणांचा घाट टळू लागला. आत शिरण्याआधीच दिवे लावावेत आणि वेग कमी करावा. बाहेर पडल्यावर पाऊस जोरात असेल तर काच एका क्षणात धुरकट होते. परशुराम घाटात डोंगरकड्याच्या बाजूने न जाता शक्य तितके मधून जावे, अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी दरडींमुळे हा घाट बंद असू शकतो, हे लक्षात ठेवून चिपळूणच्या अलीकडेच चौकशी करावी.

खरी कसोटी चिपळूणच्या पुढे, आरवलीपासून संगमेश्वर, बावनदी, निवळी आणि हातखंब्यापर्यंत लागली. एका लहान पुलाच्या तोंडाशी आमची गाडी इतक्या जोराने आदळली की मागे बसलेल्यांची डोकी छताला लागली. थांबून पाहिले तेव्हा पुलाचे काँक्रीट आणि जोडरस्ता यांच्यात जवळपास वीतभर उंचीची पायरी तयार झालेली दिसली. पूल स्वतःच्या पक्क्या पायावर उभा राहतो, पण त्याच्या मागचा मातीचा भराव नीट दाबलेला नसेल किंवा पाण्याला निचरा नसेल, तर तो पावसाने खचत जातो. त्या खचलेल्या जागी पेव्हर ब्लॉक टाकलेले होते. त्यांतले अर्धे उखडून बाजूच्या गटारात पडले होते आणि उरलेले चाकाखाली हलत होते. पेव्हर ब्लॉक हा खड्ड्यावरचा उपाय नव्हे. खालचा भराव बाहेर काढून, दाबून, पाण्याला वाट करून दिल्याशिवाय तो खड्डा पुढच्या सरीला पुन्हा उघडा पडणारच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे रस्त्याचे आयुष्य कडेच्या गटारावर अवलंबून असते, आणि नेमकी तीच गटारे मातीने बुजलेली होती.

लांज्याला हवा तपासण्यासाठी थांबलो, तेव्हा पंक्चरवाल्या काकांनी दुकानाबाहेर लावून ठेवलेल्या वाकलेल्या रिम दाखवल्या. “साहेब, खड्डा दिसला की माणूस ब्रेक मारतो. पाण्याने भरलेला दिसत नाही, तिथे रिम जाते,” ते म्हणाले. दुचाकीवरून येणाऱ्यांना रात्री या भागातून जाऊ देऊ नका, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. त्यांच्या या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे.

राजापूर सोडून खारेपाटणपासून सिंधुदुर्ग जिल्हा लागला आणि तळेरे, नांदगाव, कणकवली ते कुडाळ हा टप्पा चौपदरी काँक्रीटवरून सुखाने पार पडला. मात्र इथे वेग वाढतो, आणि गावांच्या फाट्यांवर गुरे व उलट दिशेने येणारी वाहने अचानक समोर येतात.

निघण्यापूर्वी टायरची नक्षी, स्टेपनीतील हवा, वायपर आणि जॅक तपासावेत. पाणी साचलेले दिसल्यास पुढच्या वाहनाची चाके कुठून जातात हे पाहून त्याच मार्गाने, अंतर राखून जावे. या बाबतीत रोज ये-जा करणाऱ्या एसटीच्या चालकाच्या मागे राहणे सर्वांत भरवशाचे. वळणमार्गाचा फलक असो वा नसो, ड्रम किंवा मातीचा ढीग दिसताच गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी. शक्य असल्यास हातखंबा अंधार पडण्यापूर्वी ओलांडावा. रस्त्यावरील अडचणीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. तक्रार करताना खड्ड्याच्या छायाचित्रासोबत जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा द्यावा, म्हणजे तो टप्पा कोणाच्या जबाबदारीत आहे यावर टोलवाटोलवी करायला वाव राहत नाही.

परतीसाठी आम्ही कणकवलीहून फोंडा घाटाने राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठले आणि पुण्यावरून आलो. अंतर वाढते, घाटात धुके असते आणि कोल्हापूर-सातारा महामार्गावर सहापदरीकरणाची वळणे लागतात, तरीही मुसळधार पावसात हा पर्याय मला अधिक सुरक्षित वाटला. रत्नागिरी किंवा लांज्याकडे जाणाऱ्यांना आंबा घाट आणि चिपळूणकरांना कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट सोयीचा पडेल. करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी बंद ठेवला होता, तेव्हा कोणताही घाट धरण्याआधी तो चालू असल्याची खात्री स्थानिक पोलिसांकडून त्याच दिवशी करून घ्यावी.